आम्ही तर तुमच्याकडूनच ऐकलं

जर्जिस, मंगळवार, ४ फेब्रुवारी

सी लझहर, उस्ताद, मकरमचा सलाम.

तुमचा पत्ता तुमच्या बहिणीने, मबरूकाआत्यांनी दिला. आधी त्या नाही म्हणाल्या, मग मासे साफ करता करता एकदाचा सांगितला आणि वर बजावलं, "मी दिला असं लिहू नकोस." म्हणजे हे पहिलंच वाक्य खोडायला हवं होतं. पण कागद इतका स्वच्छ होता की खोडाखोड करवेना.

तुम्ही फोन उचलत नाही, त्याबद्दल माझी तक्रार नाही. रेडिओचा नंबर दिसला की तुम्हाला आपल्या संपादक फतहियाबाई आणि ते शेवटचं भांडण आठवत असणार. "बातमी द्यायला आपण नेहमी शेवटी का?" असं त्या ओरडल्या होत्या आणि तुम्ही कोट उचलून निघून गेलात. मी तेव्हा दाराशीच उभा होतो. कुणाची बाजू घ्यावी ते मला कळलं नाही. खरं सांगायचं तर अजूनही नीट कळलेलं नाही, म्हणून त्याविषयी लिहीत नाही.

तुम्ही सुरू केलेली जुळ्यांची पद्धत चालू आहे, हे तुम्हाला कळावं म्हणून मुख्यतः हे पत्र. आमच्यातल्या प्रत्येकाचा सीमेपलीकडे झुवाराच्या रेडिओत एक जुळा आहे. दर मंगळवारी आम्ही एकमेकांच्या आठवड्याच्या बातम्या ऐकतो आणि जे खटकलं ते तोंडावर सांगतो. फतहियाबाई याला 'लिबियावाल्यांकडून कान टोचून घ्यायची हौस' म्हणतात, पण त्यांनी बंद केलेलं नाही.

माझा जुळा सिफाव. मी त्याला अजून पाहिलेलं नाही, फक्त आवाज ओळखतो. गेल्या मंगळवारी तो म्हणाला, "मकरम, तू दारात चपला काढतोस, पाय धुतोस, सगळ्यांची खुशाली विचारतोस आणि मग सांगतोस की घराला आग लागली आहे."

मी म्हटलं, "आणि तू आग लागली म्हणून बोंबलतोस, पण कुणाच्या घराला ते सांगत नाहीस."

दोघांचंही खरं होतं. या आठवड्यात मी पहिलं वाक्य छोटं ठेवलं आणि त्याने गावाचं नाव सांगितलं. शाळा मध्येच सुटल्यामुळे मला अजूनही वाटतं, की कोणीतरी कधीतरी माझी वही तपासायला मागणार आहे. सिफाव ती दर आठवड्याला तपासतो आणि लगेच स्वतःचीही पुढे करतो. त्यामुळे भीती थोडी कमी होते.

तुमचा वजदी अधूनमधून बंदरावर भेटतो. बरा आहे. तो इथून उठून गेला त्याच खुर्चीवर मी बसतो, हे त्याला ठाऊक आहे. परवा त्याने विचारलं, "त्या खुर्चीचा एक पाय लुळा होता, दुरुस्त केलास का?" मी नाही म्हटलं. याहून जास्त लिहायला मला कुणी सांगितलेलं नाही.

कालपासून वारा फिरला आहे. बोटी परत येत आहेत.

तुमचा विद्यार्थी,
मकरम


जर्जिस, शुक्रवार, ७ फेब्रुवारी

उस्ताद,

मागचं पत्र पेटीत टाकलं. हे टाकीन की नाही, माहीत नाही.

'यासमीन' परतलेली नाही. वारा सुटायच्या आधीच ती खोल पाण्यात गेली होती. तिचा कप्तान, रईस बिलगासेम, याचा शेवटचा निरोप दुसऱ्या एका बोटीने ऐकला: इंजिन खोकतं आहे, हळूहळू येतो. त्यानंतर काही नाही. तटरक्षक शोधत आहेत, आणि वारा जरा पडला की कोळी आपणहून बोटी काढून जात आहेत.

काल मी रेडिओच्या फेसबुक-पानावर एवढंच लिहिलं: "'यासमीन' बोट अजून परतलेली नाही. तिच्यावरच्या पाच खलाशांबद्दल घरच्यांना काळजी वाटते." पोस्ट करायच्या आधी पुन्हा पुन्हा वाचलं. प्रत्येक शब्द खरा होता. काळजी कुणाला वाटते, तेही मी घरोघर जाऊन ऐकलं होतं.

बायका रेडिओवर फोन करतात. नाव सांगत नाहीत, विचारतात, "काही आहे?" मी नाही म्हणतो. मग त्या म्हणतात, "अल्लाह तुझं भलं करो," जणू 'नाही' म्हणून मी त्यांना काही दिलंच आहे.

उस्ताद, त्या पाचांतला एक वजदी आहे.

पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं. सिफाव म्हणेल, पाय धुत बसलास. मी सकाळीच तुम्हाला दुसऱ्याच्या फोनवरून फोन करायला निघालो होतो. मबरूकाआत्यांनी मनगट धरलं. म्हणाल्या, "त्याचं हृदय अधू आहे आणि तिथे त्याच्याजवळ कुणी नाही. नक्की काही कळलं की सांगू. वाईट कळलं तरी मी सांगीन, तू नाही."

मी हो म्हटलं. मी बरोबर करतो आहे का, ते कळत नाही. तुम्ही इथे असतात तर तुम्हालाच विचारलं असतं, की तुम्हाला सांगावं का.

हे पत्र खणात ठेवतो आहे.

मकरम


जर्जिस, शनिवार, ८ फेब्रुवारी, दुपार

उस्ताद,

अक्षर तिरकं येत आहे, माफ करा. आजचं सगळं क्रमाने लिहितो, नाहीतर माझंच मला पटणार नाही.

सकाळी राजधानीतल्या एका संकेतस्थळावर आलं, की झुवाराच्या किनाऱ्यावर जर्जिसच्या खलाशांचे मृतदेह सापडले. मग कुणीतरी पाचही नावं काळ्या फितीसकट फेसबुकवर टाकली. थोड्या वेळाने झुवाराच्या रेडिओनेही तेच सांगितलं. फतहियाबाई कागद घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. डोळे सुजलेले होते. बिलगासेमची बायको त्यांची मावसबहीण लागते.

म्हणाल्या, "तुझ्या उस्तादाचा नियम काय? दोन वेगळे आवाज असल्याशिवाय मयताचं नाव वाचायचं नाही. हे घे, दोन आवाज. राजधानीचा एक, झुवाराचा एक."

दुपारच्या बातम्यांनंतर मयतांची नावं मी वाचतो, हे तुम्हाला माहीत आहे. आजच्या कागदावर आधीच काही नावं होती. त्यांच्याखाली बाईंनी स्वतःच्या हाताने ही पाच लिहिली होती. वजदी बिन लझहर शेवटी. आपण नाव वाचलं की गल्लीत खुर्च्या मांडल्या जातात, दार उघडं राहतं, माणसं सांत्वनाला साखर घेऊन येतात. एकदा मांडलेल्या खुर्च्या उचलायला कुणाचा हात धजेल? रेडिओने सांगितलं म्हणजे झालं, असं आपल्याकडे मानतात. नको तितकं मानतात.

मी म्हटलं, "बाई, सिफावशी बोलू द्या."

"बोल. पण वेळेच्या आत." मग जरा हळू म्हणाल्या, "मकरम, मला काही हौस नाही. नाही वाचली तर उद्या बाया म्हणतील, आमच्या माणसांची नावं घ्यायलाही यांची जीभ रेटली नाही. त्या तिथे वाट बघतायत आणि तू इथे स्वल्पविराम तपासत बसतोस."

मला राग आला नाही. त्यांच्या जागी मी असतो तर केव्हाच रडत बसलो असतो.

सिफावने पहिल्या घंटीलाच फोन उचलला. मी काही बोलायच्या आधीच त्याचं सांत्वन सुरू झालं. अल्लाह त्यांना जागा देवो, तुम्हाला धीर देवो, आम्ही सगळे तुमच्या दुःखात आहोत. नेहमी टोमणे मारणारा माणूस इतका अदबीने बोलायला लागला. वाटलं, संपलं. बाकी काही सुचलं नाही, म्हणून मंगळवारी विचारतो तसं विचारलं, "तुला कुणी सांगितलं?"

"कुणी म्हणजे? तुम्हीच."

"आम्ही? आम्ही तर तुमच्याकडूनच ऐकलं."

मग तो म्हणाला, "थांब, ठेवू नकोस."

त्याने तिथून आणि मी इथून मागे मागे जायला सुरुवात केली. त्याच्या कचेरीने बातमी घेतली होती राजधानीच्या संकेतस्थळावरून. तिथे लिहिलं होतं, 'जर्जिसच्या स्थानिक रेडिओनुसार'. त्यावर बोट ठेवलं, तर उघडलं आपलंच पान आणि माझंच वाक्य. माझी 'काळजी' वाटेत कुठेतरी 'भीती' झाली होती, पुढे 'बुडाल्याची भीती', आणि घरी परत येईपर्यंत 'बुडाले'. मृतदेहांचं मात्र खरं होतं. तिथल्या किनाऱ्याला कुणी दुर्दैवी जीव लागले होते. ते कोण, हे अजून कुणालाच माहीत नव्हतं. कुणीतरी माझं वाक्य उचलून त्यांच्या शेजारी ठेवलं होतं, एवढंच.

सिफाव म्हणाला, "म्हणजे आपण दोघं एकमेकांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडतोय, आणि मयत कुणाचं ते दोघांनाही माहीत नाही."

हसू आलं आणि लगेच भीती वाटली. कारण याचा अर्थ ते जिवंत आहेत असा होत नव्हता. एवढाच होत होता, की आपल्याला काहीच माहीत नाही.

"मी इस्पितळात जातो," तो म्हणाला. "स्वतः बघतो. कुणाचं ऐकून सांगणार नाही."

मी फतहियाबाईंना सगळं दाखवलं. त्या आपल्या पानावरचं माझं वाक्य बराच वेळ वाचत राहिल्या. मला वाटलं, आता ओरडतील. त्यांनी गळ्यातल्या रुमालाला नाक पुसलं, कागदावरची पाच नावं आडवी रेघ मारून काढली आणि स्वतः माइकपाशी जाऊन बसल्या. म्हणाल्या, "'यासमीन'च्या माणसांना बुडताना पाहिलेला एकही माणूस आम्हाला अजून भेटलेला नाही. तुम्हाला कुणी सांगितलं असेल, तर त्याला विचारा, तुला कुणी सांगितलं. तोवर कुणाच्या दारात खुर्च्या मांडू नका."

त्यानंतर मी राहिलेली नावं वाचली. एका आजीबाईंच्या नावावर माझा आवाज फुटला. पोराबाळांत, भरल्या घरात, झोपेत गेलेली बाई. मी तिला ओळखतही नव्हतो. तिच्या घरच्यांना वाटलं असेल, रेडिओवाल्यांचा आमच्या आईवर केवढा जीव.

मकरम


जर्जिस, रविवार, ९ फेब्रुवारी

उस्ताद,

सकाळी सिफावचा फोन आला. तो आत जाऊन बघून आला होता. एकेकाचं वर्णन तो सांगत गेला: उंची, केस, अंगावरचे कपडे. मी प्रत्येकाला 'नाही' म्हणत गेलो. बिलगासेमसारखा आडदांड कुणी नव्हता, पिकल्या केसांचा नव्हता, वजदीसारखा रोडका उंच नव्हता. सगळे कोवळ्या वयाचे होते, बहुधा खूप दक्षिणेकडून, समुद्र ओलांडायला आलेले. कुणाच्या खिशात कागद नाही. एकाच्या अंगात हाताने विणलेला स्वेटर होता.

शेवटचं 'नाही' म्हणून झाल्यावर माझ्या तोंडून 'अलहम्दुलिल्लाह' निघून गेलं. त्याने ते ऐकलं. मग म्हणाला, "तो स्वेटर कुणीतरी विणलाय, मकरम. ती बाईही कुठेतरी फोन धरून बसली असेल."

मला लाज वाटली, पण सुटल्यासारखंही वाटत होतं. दोन्ही एकदम वाटू शकतं, हे मला ठाऊक नव्हतं. आम्ही असं ठरवलं, की त्यांची वर्णनं दोन्ही रेडिओंवर वाचायची, रोज, कुणी ओळखेपर्यंत. फतहियाबाईंनी वेळ किती लागेल तेही विचारलं नाही, हो म्हणाल्या.

तेवढ्याने आपल्या माणसांचा पत्ता लागला नव्हताच. मबरूकाआत्या रेडिओत येऊन बसल्या होत्या. घरी बसलं की शेजारणी तोंडाकडे बघतात, म्हणाल्या. त्यांनी आमच्यासाठी चहा केला, कपाटं पुसली, मग पुसलेलीच पुन्हा पुसली.

दुपारी पुन्हा सिफाव. वाऱ्याचा आवाज येत होता, त्याला ओरडून बोलावं लागत होतं.

"मी बघतोय!" तो म्हणाला. "ऐकतोयस ना? ऐकलेलं नाही, बघतोय. एका मोठ्या बोटीने दोर बांधून 'यासमीन' धक्क्याला आणली. पाच आहेत. पाचही जण इंजिनाला आणि इंजिनाच्या आईला शिव्या देतायत. तुझा वजदी कुठला? हा लांबडा? घे, बोल."

मग वजदीचा आवाज. बसलेला, खरखरीत. मला कळेना की खात्री करायला काय विचारू. विचारावं लागलंच नाही. तो म्हणाला, "खुर्चीचा पाय अजून लुळाच असेल."

मी फोन आत्यांच्या कानाला लावला. त्या "हं" म्हणाल्या, पुन्हा "हं" म्हणाल्या, आणि मग विचारलं, "जेवलास का?" तिकडून काहीतरी उत्तर आलं. आत्या खवळल्या. "लिबियाच्या त्या तिखट शेवयांना जेवण म्हणतोस?" त्यानंतर त्या जमिनीवरच बसल्या आणि आम्ही सगळ्यांनी दुसरीकडे बघितलं.

पाचही घरच्यांना फोनवर आवाज ऐकवला. मगच बातमी दिली. तोवर तीन ठिकाणी ती येऊन गेली होती. बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "लझहरला कधी लिहिलंस तर सांग, आपण पुन्हा शेवटीच." पण त्या हसत होत्या.

मकरम


जर्जिस, बुधवार, १२ फेब्रुवारी

उस्ताद,

खणातली सगळी पत्रं आज याच्यासोबत टाकतो आहे. कृपा करून तारखांप्रमाणे वाचा. मधूनच उघडलं तर उगाच घाबराल. आत्यांनी तुम्हाला सोमवारी फोन केला होता ना? तेव्हा त्या नुसत्या हवापाण्याविषयी बोलल्या. मला म्हणाल्या, "तूच लिही. मी सांगायला लागले की रडेन, आणि त्याला वाटेल मी अजून काही लपवते आहे."

वजदी काल सीमेवरून गाडीने आला. मी हे आत्यांच्या घरी बसून लिहितो आहे. आज इथे माशांचा कुसकुस होता. दार सारखं वाजत होतं. काही लोक अभिनंदनाला आले आणि काही चक्क सांत्वनाला. जवळच्या बेटावरचे म्हातारे हाज सअद साखरेचा पुडा घेऊन आले. दार वजदीनेच उघडलं. म्हाताऱ्याने त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, "वजदीचं ऐकून फार वाईट वाटलं. पोरगा गुणी होता."

वजदी म्हणाला, "तितका नव्हता."

आत्या आतून ओरडल्या. मग हाज सअदना समजलं, मग ते त्याला मारायला धावले, मग जेवायला बसले. साखर त्यांनी परत नेली नाही.

आता जे लिहायला मी धजत नव्हतो ते लिहितो. तुमचा दोन आवाजांचा नियम पुरला नाही, उस्ताद. दोन आवाज होते, वेगळे होते, आणि दोन्ही माझेच होते. तुम्ही जुळे लावून दिलेत ते एकमेकांचं ऐकायला. पण आम्ही एकमेकांचं इतकं ऐकायला लागलो, की दोघांच्या बाहेर काय आहे ते बघायचंच राहिलं. कालच्या मंगळवारी सिफाव आणि मी दोन्ही कचेऱ्यांपुढे हे मांडलं. ठरलं ते असं: जुळ्याने दिलेली बातमी म्हणजे दुसरा आवाज नव्हे. 'तुला कुणी सांगितलं' हे विचारत मागे जायचं, ज्याने डोळ्यांनी पाहिलं तो माणूस भेटेपर्यंत. फतहियाबाईंनी ते स्वतः लिहून भिंतीवर लावलं. तुमच्या नियमाच्या जागी नाही, त्याच्या खाली. तुमचा कागद कडेला फाटला होता, तोही त्यांनी चिकटवला. मी सांगितलं नव्हतं.

तुम्हाला राग येईल असं मला रात्रंदिवस वाटत होतं. लिहून झाल्यावर तितकं वाटत नाही.

जेवताना वजदीने मला विचारलं, "तुला शिकवताना ते ओरडायचे?"

मी म्हटलं, "नाही. कधीच नाही."

"हं. मग माझ्यावर शिकले." कडवटपणे नाही बोलला. माशाचे काटे बाजूला करत, सहज. पण आत्या उठून पाणी आणायला गेल्या. तुम्ही त्याची पहिली बातमी सगळ्यांसमोर चुका काढत, ओरडत वाचून दाखवलीत तो दिवस त्यांना आठवला असणार. तो त्यानंतर रेडिओत आला नाही, बोटीवर गेला.

मी त्याला विचारलं, "उस्तादांना बोटीचं सगळं लिहू का?"

त्याने खांदे उडवले. "लिही ना. पण कुणाचं ऐकून लिहू नकोस. तुमचा नवा नियम आहे म्हणे."

म्हणून आत्या काय म्हणतात, फतहियाबाईंना काय वाटतं, त्याच्या मनात काय असेल, यातलं काही लिहीत नाही. मला जे दिसतं आहे तेवढंच लिहितो.

तो माझ्यासमोर बसला आहे. वाळला आहे. दाढी वाढली आहे, थोडी तुमच्यासारखी, हनुवटीवर विरळ. उजव्या हाताचा तळवा दोराने सोलवटला आहे, आत्यांनी त्यावर ऑलिव्हचं तेल लावून फडकं बांधलं आहे. खोकतो, पण भूक चांगली आहे. दोनदा कुसकुस घेतला. आता डाव्या हाताने संत्रं सोलायचा प्रयत्न करतो आहे आणि मी मदत केलेली त्याला चालत नाही. मघाशी त्याने फोन काढला, एका नावापर्यंत गेला, बघत राहिला, मग फोन पालथा घालून ठेवला. थोड्या वेळाने पुन्हा तेच.

दुसऱ्या वेळी मी शेजारीच होतो. नाव तुमचं नव्हतं, म्हणजे आम्ही अदबीने म्हणतो तसं सी लझहर नव्हतं. तिथे अजून 'बाबा' आहे. हे मी पाहिलं आहे.

मकरम